गायनेकोमॅस्टियाचं (पुरुषांची छाती वाढते त्याचं) ऑपरेशन करायचं चाललंय, ज्यांनी केलंय त्यांनी नीट सांगा प्लीज

निळी_छत्री:

नमस्कार सगळ्यांना. या विषयावर पहिल्यांदाच लिहितोय, आजवर कुणाशीच बोललेलो नाही त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या. वय २४. आठवीत असल्यापासून छाती वाढलेली आहे, तेव्हा डॉक्टर म्हणाले वयात येताना होतं असं, एकदोन वर्षांत जाईल. दहा वर्षं झाली, गेलेलं नाही. मागच्या वर्षी जीव तोडून १४ किलो वजन उतरवलं, वाटलं चरबीच असेल. पोट गेलं, हनुवटीखालचं गेलं, छाती तिथेच, उलट बाकीचं अंग बारीक झाल्यामुळे आता जास्तच उठून दिसते. निपलच्या खाली चाचपलं की रबराच्या चकतीसारखं काहीतरी हाताला लागतं, डावीकडे जरा मोठं.

बाहेर पडताना आधी घट्ट बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर शर्ट, कितीही उकडत असलं तरी. भिजायची भीती वाटते कारण ओला कपडा अंगाला चिकटतो. पोहायला येतं पण ९ वर्षांत पाण्यात उतरलेलो नाही. आई सारखी म्हणते पोक काढून चालू नकोस, खांदे मागे घे, तिला कसं सांगू की मी मुद्दामच खांदे पुढे घेऊन चालतो.

आता सर्जनकडे जायचं ठरवलंय पण नेटवर नुसते आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत, मधलं कुणी काही सांगतच नाही. भूल पूर्ण देतात की फक्त तेवढ्या जागेपुरती, दुखतं किती, व्रण राहतो का, कामावर कधी जाता येतं, परत वाढतं का. आणि घरी सांगितलंत का तुम्ही लोकांनी?

सरळ_खांदे:

मित्रा, तुझी पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण ते बनियनवर टी-शर्ट आणि वर शर्ट हे मी ११ वर्षं केलंय. माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, तेव्हा २७ चा होतो, दोन्ही बाजू, लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, चरबी काढली आणि ग्लँड, म्हणजे निपलखालची स्तनाची ग्रंथी, तीही काढली. मधलं सगळं सांगतो, लपवत काही नाही.

सकाळी उपाशीपोटी बोलावलं होतं, जेवण ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत. आत नेण्याआधी सर्जनने मला उभं करून मार्करने छातीवर गोल आणि रेघा काढल्या, उभं करूनच, कारण आडवं झालं की सगळं पसरतं आणि खरा आकार कळत नाही. ते पाच मिनिटं उघड्या अंगाने उजेडात उभं राहणं मला सगळ्या ऑपरेशनपेक्षा जड गेलं, खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. सर्जन काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले खांदे सैल सोड. मला पूर्ण भूल होती, काहींना तेवढी जागा बधिर करून आणि गुंगीचं इंजेक्शन देऊन करतात, ते किती काढायचंय यावर असतं. साधारण दीड तास लागला असं नंतर कळलं.

जागा झालो तेव्हा छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं. तो दाब पट्ट्याचा, म्हणजे कॉम्प्रेशन व्हेस्टचा. दोन्ही काखांजवळून बारीक नळ्या बाहेर आलेल्या आणि टोकाला चेपलेला प्लास्टिकचा फुगा, त्याला ड्रेन म्हणतात, त्यात लालसर पाणी जमत होतं. सगळ्यांना ड्रेन घालत नाहीत. दुखणं म्हणशील तर चाकूने कापल्यासारखं नाही, आयुष्यात पहिल्यांदा शंभर दंड मारल्यावर दुसऱ्या दिवशी जसं सगळं अंबतं तसं, गोळ्यांवर निभतं. हात डोक्यावर नेला की मात्र ओढ बसते.

आता जे चुकलं ते. त्याच दिवशी संध्याकाळी घरी सोडलं, कागद हातात दिला, समजावून कुणी सांगितलं नाही. रात्री साडेअकराच्या सुमाराला डावी बाजू टणक व्हायला लागली, उजवी सुजलेली पण मऊ, डावी मात्र तासाभरात नारळासारखी कडक आणि चामडी ताणून चकाकायला लागली. मी सूज असेल म्हणून पहाटेपर्यंत तसाच पडून राहिलो. ती सूज नव्हती, आत रक्त साचलं होतं, हेमॅटोमा. पहाटे परत नेलं, परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन गुठळी काढली, वाहणारी रक्तवाहिनी बंद केली, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पुढे त्या बाजूने काहीच त्रास झाला नाही पण ते पाच-सहा तास उगाच काढले मी. म्हणून तुला हात जोडून सांगतो, पहिल्या २४ तासांत एकच बाजू झपाट्याने फुगली, टणक झाली, दुखणं गोळीला दाद देईना तर सकाळची वाट बघू नको, फोन कर. आणि रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर डिस्चार्ज घेण्याआधीच मागून घे.

दुसरी गोष्ट म्हणजे तिसरा आठवडा. पहिलं ड्रेसिंग काढलं तेव्हा सगळं काळंनिळं होतं पण सपाट होतं, मी खूश. मग सूज चढली आणि तिसऱ्या आठवड्यात आरशात बघितलं तर जवळजवळ पूर्वीसारखीच छाती, निपलखाली कडक गोळा, मला वाटलं सगळं फुकट गेलं. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तो गोळा म्हणजे आतली जखम भरताना होणारा घट्टपणा, तो दोन-तीन महिन्यांत हळूहळू मऊ पडला. खरा आकार मला चौथ्या महिन्यात दिसला. तेव्हा आधीच धर की पहिले सहा आठवडे आरसा खोटं बोलतो.

आणि हो, निपल बधिर होतं. टॉवेलने पुसताना हात फिरतोय ते दिसायचं पण कळायचं नाही. साधारण पाचव्या महिन्यात झिणझिण्या यायला लागल्या आणि मग पूर्ण आलं, उजवीकडे अजून थोडं कमीच आहे.

वॉर्डातली_ताई:

मी सर्जिकल वॉर्डात १२ वर्षं नर्स आहे, या ऑपरेशनची बरीच मुलं बघितलीत. सरळ_खांदे, तुम्ही हेमॅटोमाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, या ऑपरेशननंतर लगेच होणाऱ्या त्रासांत तोच सगळ्यात जास्त दिसतो.

निळी_छत्री, तू आधी एक कर. सर्जनकडे जायच्या आधी किंवा त्यांच्याकडूनच हे का झालंय ते तपासून घे. ती रबरी चकती लागते म्हणतोस, ती ग्लँड असावी, निव्वळ चरबी असेल तर अशी वेगळी चकती लागत नाही, नुसतं मऊ लागतं. ग्लँड वाढते कारण शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांचं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन, यांचं प्रमाण बिघडतं, पुरुषांच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतंच. बऱ्याच जणांत कारण सापडत नाही, पण थायरॉइड, लिव्हर, किडनी, काही औषधं, क्वचित अंडकोषातली गाठ असंही निघतं. औषधांत ब्लड प्रेशर-हृदयासाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोन, केस गळतीसाठी घेतात ते फिनास्टेराइड, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन, अशी नावं आहेत, काही चालू असेल तर डॉक्टरांना सांग, स्वतःहून बंद करू नको. रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, बीटा एचसीजी अशी हार्मोन्स बघतात, यातलं काय काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि ते अंडकोष तपासायला लागले तर लाजू नको, छातीसाठी आलो आणि हे काय असं मुलांना वाटतं, पण ते याच तपासणीचा भाग आहे.

ज्या वाचणाऱ्यांना एकाच बाजूला, निपलच्या मध्यावर नाही तर बाजूला सरकलेली, दगडासारखी गाठ लागते, निपल आत ओढलं गेलंय, रक्त येतंय किंवा चामडीला खळी पडतेय त्यांनी हा धागा वाचत बसू नये, लगेच दाखवावं. पुरुषांना ब्रेस्ट कॅन्सर कमी होतो, सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साधारण १ टक्का, पण होतो आणि लाजेमुळे उशिरा कळतो. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवतात तो याचसाठी, तो रिपोर्ट मागून घ्या.

व्रणाचं विचारलंस. निपलभोवती जो गडद गोल असतो त्याच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेतात, १९४६ साली वेबस्टर नावाच्या सर्जनने तो मांडला आणि आजही बहुतेक तोच वापरतात, कारण गडद आणि फिक्या चामडीच्या सीमेवर रेघ लपून जाते. लायपोसक्शनसाठी ३-४ मिलिमीटरची छोटी भोकं असतात. पहिले काही महिने व्रण लाल आणि जाड दिसतो, फिका पडायला वर्ष-दीड वर्ष धर. आधीच्या एखाद्या जखमेचा व्रण फुगून वाढला असेल तर म्हणजे केलॉइड होत असेल तर सर्जनला नक्की सांग.

अजून एक, बरीच मुलं सांगतात ताई सगळी ग्लँड काढून टाका म्हणावं. तसं करत नाहीत बाळा. निपलच्या खाली पातळ थर मुद्दाम ठेवतात, तो नाही ठेवला तर निपल खाली चिकटून बशीसारखा खड्डा पडतो आणि तो खड्डा दुरुस्त करणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. म्हणजे थोडी ग्लँड राहते, ती चूक नाही, तसंच करायचं असतं.

सिगारेट ओढत असशील तर किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद. हे मी कडक शब्दांत सांगते कारण धुराने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि निपलचा रक्तपुरवठा त्यांच्यावरच असतो, तिथली चामडी मेलेली मी बघितलीय, एकदाच बघितली पण विसरत नाही.

वाट_बघणारा_बाप:

ताई, एक विचारू का. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, त्यालाही हेच आहे, वर्षभरापासून. शाळेत पोरं चिडवतात, शेवटच्या बाकावरून काहीतरी आवाज काढतात असं तो एकदाच बोलला, परत विषय काढला की दार लावून घेतो. खेळाच्या तासाला पोट दुखतंय सांगतो. आत्ता ऑपरेशन केलं तर चालेल का?

वॉर्डातली_ताई:

दादा, आधी हे की त्याचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांना कमीजास्त होतं हे, आणि बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरतं. म्हणून साधारणपणे थांबायला सांगतात, वाढ सुरू असताना काढलं तर परत भरायची शक्यता राहते. पण थांबा म्हणजे दुर्लक्ष करा असं नाही. मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. नवीन असताना, दुखरं असताना काही वेळा टॅमॉक्सिफेनसारखी गोळी डॉक्टर देतात, वर्षभराच्या पुढे गेलं की आतला भाग तंतुमय होतो आणि मग गोळीचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे आत्ताच दाखवा. फार मोठं असेल आणि मुलगा मनाने खचत असेल तर १८ च्या आधीही करतात, पण ते डॉक्टर सगळं बघून ठरवतात. आणि शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोला दादा, त्याला न सांगता नाही, त्याला विचारून. दार लावतो तर दाराबाहेरूनच एकदा सांगा की हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे. नाव कळलं तरी मुलांचा जीव अर्धा हलका होतो.

जोर_बैठका:

एवढं सगळं कशाला, छातीचा व्यायाम वाढवा, इन्क्लाइन प्रेस आणि पुशअप, सहा महिन्यांत बसेल सगळं. मित्राचं गेलं असंच.

लोखंड_उचलणारा:

भावा तुझ्या मित्राची चरबी असेल म्हणून गेली, ग्लँड व्यायामाने जात नाही, कितीही मार पुशअप, उलट खालचा स्नायू वाढला की ती अजून पुढे ढकलली जाते. मी स्वतःच्या अंगावर बघितलंय म्हणून सांगतो आणि पुढचंही सांगतो, कुणाच्या तरी कामाला येईल. मी जिममध्ये स्टिरॉइड घेतले, २२ वर्षांचा होतो, अंग बनवायचं होतं. शरीर त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन बनवतं हे मला कुणी सांगितलं नाही, तिसऱ्या महिन्यात निपल हुळहुळायला लागले, शर्ट घासला तरी दुखायचं, मग गाठ. ऑपरेशन केलं, मस्त झालं, सर्जनने बजावलं होतं परत घेऊ नको. दोन वर्षांनी परत घेतलं. परत गाठ आली, त्याच थोड्या उरलेल्या ग्लँडमधून, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना आत सगळं चिकटलेलं त्यामुळे डावीकडे थोडा खड्डा राहिलाच. परत वाढतं का विचारतोस ना निळी_छत्री, तर कारण गेलेलं असेल, वजन सांभाळलंस तर सहसा नाही वाढत, कारण चालू ठेवलं तर वाढतं.

सर्जनपासून लपवू नका, स्टिरॉइड घेतलं असेल तर सांगा, ते रागावत नाहीत. मी पहिल्या भेटीत लपवलं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हलका_झालो:

माझी केस वेगळी आहे म्हणून लिहितो. मी ५२ किलो कमी केलं, मग छातीवर रिकामी पिशवी लोंबायला लागली. याच्या पायऱ्या असतात, सायमन नावाच्या सर्जनने १९७३ मध्ये केलेली वर्गवारी डॉक्टर अजून वापरतात. पहिल्या पायरीत थोडीशी वाढ, दुसरीत मध्यम, तिच्यातच अ आणि ब, ब मध्ये चामडीही जास्त असते, आणि तिसरीत बाईच्या स्तनासारखं ओघळलेलं. मी तिसऱ्यात होतो. लहान वाढीत चामडी स्वतःच आकसून बसते, तरुण असलं की चांगली बसते, म्हणून मध्यम असेल तरी आधी नुसती ग्लँड काढून सहा महिने बघतात. माझी बसण्यासारखी नव्हतीच, चामडी कापावी लागली, छातीच्या खालच्या घडीत दोन्हीकडे आडवे लांब व्रण आहेत आणि निपल काढून वर नव्या जागी लावलेत, तिथे स्पर्श कमीच आहे, तो पूर्वीसारखा येणार नाही हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं. व्रण दिसतात. तरी सांगतो, गेल्या महिन्यात पुतणीला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलो, कुणी बघतंय का हे बघायचं राहूनच गेलं.

ज्यांचं वजन अजून उतरतंय त्यांनी आधी उतरवून घ्या, काही महिने एका जागी थांबू द्या, मग करा.

निळी_छत्री:

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं सगळं. पाच आठवड्यांनी लिहितोय. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, अंडकोषांची तपासणी नॉर्मल, सोनोग्राफीत दोन्हीकडे ग्लँड, डावीकडे जास्त. सर्जन म्हणाले दुसऱ्या पायरीतलं अ, चामडी कापायची गरज नाही. मी ताईंनी सांगितलं ते विचारलं, निपलखाली किती ठेवणार, तर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, साधारण सेंटिमीटरभर. रात्रीचा नंबरही घेतला सरळ_खांदे दादा. लसणाच्या आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल घ्यायचो त्या बंद करायला सांगितल्यात, रक्त जास्त वाहतं म्हणे.

आणि आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल एवढ्याशासाठी कशाला ऑपरेशन. तिने काही वेळ काहीच म्हटलं नाही, मग म्हणाली मी दहा वर्षं तुला खांदे मागे घे खांदे मागे घे म्हणून बोलत राहिले आणि तू एकदाही सांगितलं नाहीस. त्यानंतर मला काही बोलताच आलं नाही. ती येणार आहे सोबत.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. शेवटचं, झोपायचं कसं आणि कामावर कधी जाऊ, माझं बसून काम आहे.

वॉर्डातली_ताई:

फार बरं वाटलं वाचून. बसून काम असेल तर साधारण आठवड्याने जाता येतं, काही जण चार-पाच दिवसांतही जातात, वजन उचलायचं काम असेल तर जास्त थांबावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून घरात चालायचं, नुसतं पडून राहायचं नाही. छातीचा व्यायाम चार ते सहा आठवडे नाही, पोहणं टाके भरून सर्जनने हो म्हटल्याशिवाय नाही, आणि गाडी दुखण्याच्या गोळ्या थांबल्यावर आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवता यायला लागल्यावरच. व्हेस्ट सर्जन सांगतील तितके आठवडे, बहुतेक चार ते सहा, रात्रीसुद्धा, दोन घेऊन ठेव म्हणजे एक धुता येतो. आत सुरकुती पडू देऊ नको, तिचा वळ चामडीवर उमटतो. ड्रेन असेल तर किती पाणी जमलं ते वेळेसकट वहीत लिही, ते बघूनच काढतात. अचानक एकदम लालभडक आणि भरपूर आलं किंवा ताप आला तर फोन.

सरळ_खांदे:

झोपायचं पाठीवर, मागे दोन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं, मी दोन आठवडे तसाच झोपलो. कूस बदलायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना लोड ठेव. आणि पुढून बटणं असलेले तीन-चार सैल शर्ट आत्ताच बाजूला काढून ठेव, डोक्यावरून घालायचं काही पहिले दहा दिवस जमत नाही. गुरुवारी रात्री जागा असलो तर इथे बघत असेन, पण टणक वाटलं तर इथे लिहू नको, आधी तो नंबर लाव.